पेट्रोल पंपाखालची माती तपासायचीय? बोअर कसा मारायचा आणि नमुना कसा धरायचा

पंपाच्या टाकीतून गळती होतेय का हे बघायला बोअर मारायचेत असं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन जातो बोअरवेलच्या गाडीवाल्याला, आणि तिथंच अर्धं काम वाया जातं. ती गाडी पाणी शोधायला असते, दिवसात दोन-तीनशे फूट खाली जायला, तिला वरच्या पाच-सहा मीटरशी काही देणंघेणं नसतं आणि आपलं बहुतेक काम नेमकं त्या पाच-सहा मीटरमध्ये असतं. शिवाय गाडीचा हॅमर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो, ती हवा मातीचा भुगा करून जोरात वर फेकते, म्हणजे मातीत जे पेट्रोल होतं ते वर येईपर्यंत हवेत उडून गेलेलं असतं, वर कॉम्प्रेसरच्या ऑइलचा फवारा त्या भुग्यात मिसळतो तो वेगळाच. म्हणजे होतं ते गेलं आणि नव्हतं ते आलं. आणि भुगा नेमका किती खोलीवरचा हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

त्याहून वाईट म्हणजे वरच्या थरात तेल साठलेलं असलं आणि तुम्ही त्यातून सरळ खाली दोनशे फूट भोक पाडलं तर त्या तेलाला खालच्या पाण्यापर्यंत जायचा रस्ता तुम्हीच करून दिला. त्यामुळे गाडीवाला कितीही स्वस्तात येतो म्हणाला तरी या कामाला नको. भोक पाडणं हा इथला सोपा भाग आहे, माती जमिनीत जशी होती तशी लॅबपर्यंत पोचवणं हे खरं काम, आणि खालचं सगळं त्याबद्दलच आहे.

जमिनीला हात लावायच्या आधी

पहिलं रजिस्टर बघा. पंपावर रोज डिप मारतात, म्हणजे टाकीत काठी बुडवून साठा मोजतात, विक्री आणि साठा यांचा मेळ घालतात, तिथं सतत एकाच टाकीत घट दिसत असेल तर संशयाला जागा आहे. पण एक लक्षात ठेवा, पेट्रोल थंड झालं की आकसतं, अंदाजे एका अंशाला हजार लिटरमागे सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीत ५ अंश फरक पडला की शे-सव्वाशे लिटर आपोआप 'गायब'. उन्हात तापलेला टँकर रिकामा केला आणि दुसऱ्या दिवशी डिप कमी आला म्हणून लगेच टाकी फुटली असं नसतं. डेन्सिटी आणि तापमान लिहिलेलं असेल तरच त्या आकड्यांना अर्थ. डिपच्या काठीला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून टाकीत पाणी येतंय का तेही विचारा, पावसाळ्यात पाणी आत येत असेल तर उन्हाळ्यात त्याच वाटेने तेल बाहेर जात असू शकतं.

मग नकाशा. प्रत्येक पंपाचा पेसोने (स्फोटक आणि ज्वलनशील मालाचं लायसन्स देणारं केंद्राचं खातं) मंजूर केलेला नकाशा मालकाकडे असतोच, लायसन्सबरोबर. त्यावर टाक्या, पाइप, वेंट (वाफ बाहेर सोडणारी नळी), फिलिंग पॉइंट (टँकर ओततो ते तोंड) सगळं दाखवलेलं असतं. पण जुन्या पंपावर मधे कधीतरी पेट्रोल भरायची मशीन हलवलेली असतात, जुनी टाकी वाळू भरून तशीच गाडून ठेवलेली असते, आणि हे कागदावर नसतं, ते सांगणार तिथला सगळ्यात जुना सेल्समन. त्याच्याबरोबर चहा घ्या, अर्धी साइट तिथंच कळते. टँकर कुठं उभा राहून ओततो, पूर्वी कधी सांडलं होतं का, कुठल्या चेंबरमधून वास येतो, पावसात कुठं तवंग दिसतो, हे सगळं विचारायचं.

पंप २००० सालाच्या आधीचा असेल तर लॅबच्या यादीत शिसं पण टाका, कारण देशभर शिसंविरहित पेट्रोल त्या वर्षी सुरू झालं, त्याआधी जे सांडलं ते शिशासकट सांडलं आणि शिसं काही उडून जात नाही.

आजूबाजूच्या विहिरी आणि बोअर पण फिरून बघा. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली पाइपलाइनची गळती लोकांना कळली ती घरच्या बोअरच्या पाण्यातून. आपल्याकडे गावाबाहेरच्या पंपाशेजारी हमखास एखादी उघडी विहीर असते. तिच्यात वास येतो असं कोणी म्हणालं तर वाकून बघू नका आणि उतरायचं तर नावच काढू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड, ती विहिरीच्या तळाला बसून राहते. वाफ मोजायचा मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा.

बोअर कुठं

टाकीचा खड्डा हा आपल्या दख्खनच्या जमिनीत एक वेगळाच प्रकार असतो. काळी माती आणि मुरूम खोदून खड्डा केला, टाकी ठेवली, बाजूने वाळू भरली. आता वाळूतून पाणी सहज जातं आणि बाजूच्या चिकण मातीतून जात नाही, म्हणजे तो अख्खा खड्डा हौदासारखा वागतो, पावसाचं पाणी त्यात साठतं, गळलेलं तेल त्या पाण्यावर तरंगतं, आणि जिथं कुठं मुरुमात फट असेल तिथून बाहेर पडतं. त्यामुळे एक बोअर त्या वाळूत हवाच, टाकीपासून निदान एक मीटर सोडून, आणि नकाशावर विश्वास नसेल तर आणखी लांब. बाकीचे खड्ड्याच्या बाहेर उताराच्या बाजूला, एक फिलिंग पॉइंटजवळ, एकेक मशीनखालच्या पाइपच्या सांध्याजवळ. मी तर म्हणेन टाकीपेक्षा पाइपचे सांधे आणि फिलिंग पॉइंट हेच जास्त वेळा दोषी निघतात, टाकीवर उगाच सगळे तुटून पडतात.

आणि एक बोअर चढाच्या बाजूला, जिथं तेल पोचायचं काहीच कारण नाही तिथं. हा पैसे वाया घालवायचा प्रकार वाटतो मालकाला, पण हा नसेल तर शेजारच्या गॅरेजचं जळकं ऑइल तुमच्या खात्यावर जाईल आणि मग भांडत बसा.

जमिनीचा उतार आणि पाण्याचा उतार एकच असेल असं नाही, खडकाच्या भेगा जशा असतील तसं पाणी जातं. तरी सुरुवात उतारापासून करायची, नंतर पाण्याच्या पातळ्या मोजून बदलायची.

सुरक्षितता, यात चालढकल नाही

बोअर मारताना त्या बाजूला टँकर खाली होणार नाही, हे आधी लिहून घ्या. शक्य असेल तर पंप बंद, नाहीतर निदान ती बाजू बॅरिकेड लावून बंद. रिगच्या (बोअर मारायच्या यंत्राच्या) सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर म्हणजे ठिणगी अडवणारी जाळी, आग विझवायचे दोन डीसीपीचे (कोरड्या पावडरचे) सिलिंडर हाताशी, अंगावर सुती कपडे, मोबाइल गाडीत. बोअरच्या तोंडाशी एलईएल मीटर सतत चालू पाहिजे, एलईएल म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ती हवेतली कमीत कमी पातळी. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की पेट घेऊ शकते, आपण तिच्या दहाव्या हिश्शाला म्हणजे मीटरवर १० टक्के एलईएल दिसले की मशीन बंद करून बाजूला व्हायचं, वारा लागू द्यायचा, मग परत मोजायचं. 'साहेब एवढ्याने काय होतंय' असं म्हणणारा एक जण प्रत्येक साइटवर असतो, त्याला चहा आणायला पाठवा.

पहिले १.२ मीटर हातानेच खोदायचे. पहार वापरायची नाही, पहार पाइपमधून आरपार जाते आणि हाताला कळत पण नाही. हल्लीचे पाइप प्लास्टिकचे असतात त्यामुळे मेटल डिटेक्टरला ते दिसत नाहीत, आणि जमिनीत बघणारं रडार आणलं तरी ओल्या काळ्या मातीत त्याची लहर फार खाली जात नाही, थोडक्यात यंत्राच्या भरवशावर राहू नका. फावड्याने हळूहळू काढा, टाकीच्या खड्ड्याबाहेर वाळू किंवा कुठंही पिवळी वॉर्निंग टेप दिसली की थांबा.

कशाने मारायचा

काळ्या मातीत हँड ऑगर छान चालतो, दोन माणसं, टी-हँडल, आणि दांडे जोडत जायचं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत माती बेताची ओली असते तेव्हा सगळ्यात बरं, जुलैत ती ऑगरला अशी चिकटते की खरवडून काढावी लागते आणि मे महिन्यात दगड. मेमध्ये दुसरी पण भानगड असते, काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडतात आणि वर सांडलेलं तेल मधली माती कोरडी ठेवून भेगांतून सरळ खाली मुरुमावर पोचतं. म्हणून वरचा एक मीटर स्वच्छ निघाला म्हणून बोअर थांबवायचा नाही. भेगा दिसल्या तर भेगेतली माती आणि दोन भेगांमधली माती वेगळी धरा.

मुरूम लागला की हाताचं काम संपलं. मग माती परीक्षण करणारे ठेकेदार असतात, बिल्डिंगच्या पायासाठी बोअर मारतात ते, त्यांना बोलवा. त्यांच्याकडे एसपीटीचा (ठोक्यांवरून जमिनीचा कणखरपणा मोजायचा) सेट असतो, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि दोन फाकांचा स्प्लिट स्पून खाली ठोकतात, ४५ सेंटिमीटर माती त्यात येते. आपल्याला ठोके मोजण्यात फार रस नाही, आपल्याला तो स्पून पाहिजे, कारण तो उघडला की मातीची अखंड कांडी समोर येते. पण या लोकांना आधी समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्या सवयी पायाच्या कामाच्या असतात. पाणी सोडून बोअर धुवायची सवय असते, ती बंद, पाण्याने तेल धुऊन जातं. दांड्याच्या आट्यांना ग्रीस किंवा जळकं ऑइल लावायची सवय असते, ती तर आधी बंद, नाहीतर लॅब तुमच्या ठेकेदाराचं ग्रीस शोधून देईल. रिगचं इंजिन डिझेलवर चालतं, त्याचा धूर आणि त्याखाली ठिबकणारं डिझेल, रिग वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि खाली ताडपत्री.

कडक मुरुमात स्पून वाकतो, पुढे जात नाही. तिथं कोरडं कोअरिंग, म्हणजे पोकळ बिट फिरवून कांडी कापून काढायची, अर्धा-अर्धा मीटरच्या छोट्या फेऱ्यांत, पाणी न सोडता, बिट तापला की थांबायचं, कारण तापलेल्या बिटाने बेंझिन (पेट्रोलमधला हलका, घातक भाग) उडतं. काळा पाषाण लागला की माती संपली, तिथं मातीचा नमुना काढायच्या नादाला लागू नका, तिथून पुढचा प्रश्न पाण्याचा. कोकणात जांभ्यात वेगळंच, तो सच्छिद्र असल्याने तेल फारसं थांबत नाही, तिथं पाण्याचं काम जास्त आणि मातीचं कमी. मुंबईत भरावाच्या जागेत जुन्या काळचा कोळसा, डांबर काहीही निघतं, तिथं चढाच्या बाजूच्या बोअरशिवाय निष्कर्ष काढू नका.

टाकी बदलायचं काम निघालेलं असेल तर मात्र बोअरच्या मागे लागूच नका. टाकी उचलली की जेसीबीने तळाची आणि चारी भिंतींची माती काढता येते, बकेटच्या मधोमधची माती घ्यायची, कडेची नाही. खड्ड्यात उतरायचं नाही, बकेट वर येऊ द्यायचं.

माती वर आल्यावरची दोन मिनिटं

माती वर आली की तुमच्याकडे अक्षरशः दोनेक मिनिटं असतात. स्पून उघडला, फोटो काढत बसला, साहेबांना दाखवला, तेवढ्यात पेट्रोलचा हलका भाग गेला. त्यामुळे बाटल्या, लेबलं, सिरिंज सगळं स्पून उघडायच्या आधी टेबलावर मांडलेलं पाहिजे आणि माणसंही वाटलेली, एक जण भरणार, दुसरा लिहिणार, तिसरा मीटर बघणार.

स्पून उघडला की कांडीच्या बाहेरची साल चाकूने खरवडून टाका, ती वरून घासत आलेली असते. मग १० मिलिची साधी प्लास्टिक सिरिंज, पुढचं टोक ब्लेडने कापून टाकलेलं, ती ताज्या कापलेल्या मातीत खुपसायची, अंदाजे ५ ग्रॅम मातीची गुटी आत येते, ती सरळ ४० मिलिच्या काचेच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) ढकलायची. व्हायलमध्ये लॅबने आधीच मोजून मिथेनॉल घातलेलं असतं आणि वजन करून दिलेलं असतं, म्हणून त्यावर जादा स्टिकर चिकटवू नका, वजन चुकतं. गुटी पडली की व्हायलच्या ओठावर आणि आट्यांवर वाळूचा एक कण पण राहू देऊ नका, टिश्यूने पुसा, त्या एका कणामुळे टोपण नीट बसत नाही आणि लॅबला पोचेपर्यंत वाफ निघून जाते. प्रत्येक नमुन्याला नवी सिरिंज, नवे नायट्राइलचे हातमोजे.

काही लॅब मिथेनॉलऐवजी आम्लाच्या मिठाचं द्रावण देतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते त्यात पडले की फसफसतात आणि वायूबरोबर बेंझिनही बाहेर जातं. थोडी माती वेगळ्या बाटलीत टाकून बघा, फेस आला तर मिथेनॉलच मागा.

डिझेलसाठी इतकी घाई नसते, ते जड असतं, उडत नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, टेफ्लॉनच्या झाकणाची, माती गच्च दाबून भरायची, वर मोकळी जागा ठेवायची नाही. प्लास्टिकच्या पिशवीत भरून लॅबला पाठवायचं नाही, तेल प्लास्टिकमध्ये शोषलं जातं आणि वाफ आरपार निघून जाते.

पिशवी वापरायची ती साइटवरच्या झटपट तपासणीला. त्याच कांडीतली उरलेली माती झिपलॉक पिशवीत अर्ध्यापर्यंत भरा, हवा ठेवून बंद करा, ढेकळं बाहेरून चुरा, दहा मिनिटं सावलीत ठेवा, मग पीआयडी मीटरची (दिव्याच्या प्रकाशाने तेलाची वाफ मोजणारा मीटर) नळी पिशवीत टोचा आणि सगळ्यात मोठा आकडा लिहा. पिशवीचा आकार, थांबायचा वेळ सगळ्या नमुन्यांना सारखाच, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. सकाळी आठला गारठ्यात एक आणि दुपारी दोनला उन्हात दुसरा असं केलं तर दुसरा उगाच जास्त दिसणार. मीटर सकाळी १०० पीपीएम आयसोब्युटिलीनच्या गॅसवर कॅलिब्रेट करा. पावसाळी दमट हवेत पीआयडी भरकटतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने नुसती मोकळी हवा मोजून बघत चला.

पीआयडीचा आकडा म्हणजे निकाल नव्हे, तो फक्त कुठली माती लॅबला पाठवायची ते सांगतो. जुनं डिझेल मातीत भरपूर असूनही मीटर जेमतेम हलतो. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, मीटरमधला नेहमीचा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा बेंझिन झटकन ओळखतो पण इथेनॉलला फारशी दाद देत नाही. नाकाने हुंगून बघायची पद्धत सोडाच, बेंझिन कॅन्सर करणारं आहे, ते मुद्दाम हुंगायची वस्तू नाही.

रंगावर पण जाऊ नका. जांभ्याच्या लाल मातीत तेल गेलं की ती करडी-हिरवट पडते, ते लांबूनही दिसतं. काळ्या मातीत काही म्हणजे काही दिसत नाही. संशय असेल तर बरणीत थोडी माती आणि पाणी घालून हलवा, वर इंद्रधनुषी तवंग आला तर काडीने ढवळून बघा, तेलाचा तवंग तुटून परत एक होतो, लोहाच्या जिवाणूंचा असेल तर त्याचे पापुद्रे होतात आणि तसेच राहतात.

किती खोलीवरचे नमुने

प्रत्येक बोअरमधून सगळं लॅबला पाठवलं तर मालक दिवाळखोर होईल. साधारण तीन पुरतात: पीआयडीवर सगळ्यात जास्त आलेला, पाण्याच्या पातळीजवळचा, आणि तळाचा, जो स्वच्छ निघायला पाहिजे. तळाचा स्वच्छ निघाला नाही तर बोअर अपुरा आहे, आणखी खाली जा.

पाण्याच्या पातळीजवळचा म्हणजे नक्की कुठला, इथं बरेच जण फसतात. तेल पाण्यावर तरंगतं आणि आपल्याकडे पाणी वर्षभरात काही मीटर वर-खाली होतं. ऑक्टोबरात पाणी वर आलं की तेलही वर, मेमध्ये खाली गेलं की तेलही खाली, आणि जाता-येता मधली सगळी माती माखून जाते. म्हणून डिसेंबरात बोअर मारताना पाणी चार मीटरवर लागलं आणि तुम्ही चार मीटरची माती घेऊन थांबलात तर मेची पातळी सात मीटरवर असताना साठलेलं तेल खालीच राहिलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणजे जीएसडीए ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जवळच्या विहिरीचे मे आणि ऑक्टोबरचे आकडे मिळवा आणि त्या दोन्हींच्या मधला सगळा पट्टा तपासा.

तिथंच एक-दोन बोअरमध्ये पीव्हीसीचा जाळीदार पाइप टाकून निरीक्षण विहीर करून ठेवा. जाळीचा भाग या दोन्ही पातळ्या झाकेल इतका लांब पाहिजे, जाळी पाण्याखाली बुडाली तर तरंगतं तेल आत येणारच नाही आणि तुम्ही म्हणाल पाणी स्वच्छ. बाहेरून धुतलेली बारीक खडी, वर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकण मातीचं) बूच, त्यावर सिमेंट. पाइप सॉल्व्हंट लावून चिकटवायचे नाहीत, आट्यांचे घ्या. पाण्याची बाटली काठोकाठ भरा, टोपण लावून उलटी करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला की टाकून परत भरा. तेलाचा थर विहिरीत बोटभर दिसला म्हणजे जमिनीतही बोटभर आहे असं समजू नका, विहिरीत तो जास्तच दिसतो.

धुणं, बर्फ, लॅब

एका बोअरहून दुसऱ्यावर जाताना ऑगर, स्पून, चाकू सगळं साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने. कमी संशयाच्या बोअरपासून सुरुवात करून जास्त संशयाच्याकडे जा. शेवटच्या धुण्याचं पाणी एका बाटलीत भरून लॅबला द्या, हत्यारं खरंच स्वच्छ होती का ते कळतं. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच मातीचा दुसरा नमुना), आणि लॅबने दिलेली एक बंद बाटली साइटवर फिरवून तशीच परत, वाटेत बाहेरून काही शिरलं का ते तिच्यावरून कळतं.

नमुने ४ अंशाच्या आसपास, बर्फाच्या पेटीत. उघडा बर्फ टाकला तर तो वितळून लेबलं धुऊन जातात, जेल पॅक घ्या, आणि बरण्या बबल रॅपमध्ये. मिथेनॉलची व्हायल १४ दिवस टिकते, पण मिथेनॉल ज्वलनशील असल्याने कुरिअरवाला विमानाने नेणार नाही, तेव्हा आपल्या माणसाच्या हाताने पुणे-मुंबईला पोचवणं सगळ्यात सोपं. बरोबर कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेलं त्याचा कागद सह्यांसकट.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) आहे एवढं पुरत नाही, त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांत, मातीतलं बीटेक्स (बेंझिन, टोल्यूइन, इथाइलबेंझिन, झायलीन) आणि टीपीएच (तेलातले एकूण हायड्रोकार्बन) आहे का ते बघा, बऱ्याच ठिकाणी फक्त पाण्याचं असतं. आणि कोणी 'ऑइल अँड ग्रीस करून देतो, तेच ते' म्हणालं तर नको म्हणा, त्या पद्धतीत सॉल्व्हंट उडवून उरलेलं वजन करतात, त्यात पेट्रोल पण उडून जातं आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. जीसीवरचं (गॅस क्रोमॅटोग्राफ, घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) टीपीएच कार्बनच्या पट्ट्यांसकट, आणि बीटेक्स जीसी-एमएसवर. क्रोमॅटोग्रामची प्रत मागा, आलेखाचा आकार बघून पेट्रोल, डिझेल की जळकं ऑइल हे कळतं, आणि शेजारच्या गॅरेजचा वाद तिथंच मिटतो.

रिपोर्टमध्ये आकडे कोरड्या मातीवरचे आहेत का ते आधी बघा, ओल्या काळ्या मातीत हा फरक मोठा पडतो. बरेच कन्सल्टंट अजून डच (नेदरलँड्सचा) तक्ता लावतात, त्यात मिनरल ऑइलची हस्तक्षेपाची पातळी, म्हणजे जिच्या वर गेलं की उपाय करावा लागतो ती, किलोला ५००० मिलिग्रॅम आहे, पण ती ठरावीक सेंद्रिय अंशाच्या प्रमाण मातीसाठी आहे, आपल्या मातीला तशीच्या तशी लावू नका. पिण्याच्या पाण्याला जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शेजारी विहीर असेल तर मातीच्या आकड्यापेक्षा हा आकडा आधी बघायचा. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम आले आहेत, त्यामुळे तेल निघालं तर प्रदूषण मंडळाला कळवायला उशीर नको, गुपचूप माती हलवली तर ते पुढे जास्त महागात पडतं.

काम झाल्यावर बोअर उघडा सोडायचा नाही आणि निघालेली मातीच परत ढकलायची नाही. बेंटोनाइट-सिमेंटचा पातळ घोळ पाइपने तळापासून वर भरत आणायचा, दुसऱ्या दिवशी तो बसतो तेव्हा वरून आणखी घाला, मग काँक्रीट किंवा पेव्हर. निघालेली माती आणि धुण्याचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये, ड्रमवर बोअरचा नंबर आणि तारीख. रिपोर्ट येईपर्यंत ते ड्रम पंपावरच सावलीत ठेवायचे. माती वाईट निघाली तर मंडळाच्या परवानगीने तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायची, आणि त्या वाहतुकीचा खर्च पहिल्या कोटेशनमध्येच लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तेच ड्रम गंजून तळाला भोक पडलेले सापडतात.